पान सत्तेचाळीस

आरोसकर कुलवृत्तान्ताचं काम माझ्याकडे आलं
कारण मी निवृत्त होतो आणि अक्षर बरं होतं.
चार वर्षं हिंडलो. रेडी, आरवली, मळेवाड,
शाळांची दाखलपुस्तकं, तलाठ्याचे फेरफार,
देवळातल्या वर्गणीच्या वह्या, वाळवीने निम्म्या वाचलेल्या.
मेलेले लोक सोपे असतात.
एक पणजोबा गोव्याच्या हद्दीवर दारूसकट सापडला,
एकाने तीन लग्नं केली, तिघींना सारखंच फसवलं.
लिहून टाकलं. कोणी हरकत घेतली नाही.

शिरोड्याला सतूकाकीकडे पोचलो तेव्हा भरदुपार.
मिठागराच्या अंगाचं घर; खिडकीचे गज
इतके खारावलेले की हाताला तपकिरी पूड लागायची.
ती सुकी सुंगटं निवडत बसलेली,
डोकी एकीकडे, शेपट्या एकीकडे.
विचारीन ते सांगत गेली:
सासरा कुठल्या साथीत गेला, दीर कुठल्या होडीवर,
कोणाचं नाव कोणाला ठेवलं आणि का.
पेन्सिल पुरेना.
मग मी म्हटलं, "आणि भालूचं?"

सूप थांबलं नाही. हात फक्त सावकाश झाला.
"मेलेल्यांचा सांगतंय मा सगळा.
भालू जितो असा. तेका इचार.
तेका सांगूचा नसात, तर माका पण म्हायत नाय."

माझ्या पिशवीत एक झेरॉक्स होती.
शाळेचं रजिस्टर, रकाना सहावा:
एक नाव लिहिलेलं, एक खोडलेलं,
बाजूला मुख्याध्यापकांची सही.
काय होतं ते तुम्हालाही सांगणार नाही.
आणि शिरोड्यात शोधत बसू नका.
काकीचं नाव सतू नाही, भालूचं भालू नाही,
गावही कदाचित दुसरंच असेल.
सुंगटं मात्र खरी.

मी म्हटलं, "इतिहास आहे काकी, खरं ते यायला हवं."
हे वाक्य प्रस्तावनेतही होतं,
तेव्हा मला ते आवडायचं.
ती म्हणाली, "बरा. तुझो झील खंय असता आता?"
"पुण्याला."
"आणि सून?"
मी पाण्याचा तांब्या उचलला.

घरी येऊन माझंच पान काढलं.
'चि. हृषीकेश, नोकरीनिमित्त पुणे.'
नोकरीनिमित्त.
त्या एका शब्दात त्याचं कोर्ट, त्याची सात वर्षं,
दर दिवाळीला न वाजलेला फोन
मी घडी घालून ठेवला होता,
आणि घडी इतकी नीट
की संपादकाच्या, म्हणजे माझ्याच,
बोटांना ती कधी लागली नाही.

भालूला फोन केला.
मागे इंजिनाचा आवाज, कोणीतरी जाळं ओढा म्हणून ओरडत होतं.
"नाव घाला," म्हणाला, "सालबिल नको."
आणखी काही म्हणणार होता बहुतेक. लाईन गेली.
मी परत लावला नाही.

झेरॉक्स फाडायचं धैर्य होईना, ठेवायचा हक्क नव्हता.
तीन दिवस पिशवीतच राहिली.
चौथ्या दिवशी बंबात घातली.
पाणी रोजच्याइतकंच तापलं.

समितीचे चिटणीस म्हणाले,
"सत्तेचाळीसवर एवढी कोरी जागा का?"
"छापखान्याची चूक," मी म्हटलं.
ते छापखान्यावर चिडले. चिडू दिलं.

एक प्रत काकीला पोस्टाने पाठवली.
महिन्याभराने कार्ड आलं,
मजकूर कोणाकडून तरी लिहून घेतलेला,
सही तिची, वाकडी, कार्डाबाहेर निघालेली:

"आमचे हे वारले ते मंगळवारी.
तुम्ही बुधवार छापला आहे.
दुरुस्ती करावी."